ऐकतोय

तारीख ३, सोमवार

मंच फुकट मिळाला. फुकटाची खरी किंमत काय पडली ते आधी लिहून ठेवतो, म्हणजे उद्या कोणी म्हणायला नको की याला सगळं आयतं मिळालं. एक राहतं घर सोडावं लागलं. सामान हलवताना दोन तडे गेले, एक आरशाला आणि एक माझ्या कमरेला. लेकीने अबोला धरला. आणि एका बाईला अर्धं वचन द्यावं लागलं. अर्धं अशासाठी, की त्यांचं सगळं बोलणं मी ऐकून घेतलं आणि शेवटी नुसतं 'बघू' म्हणालो. 'बघू' या एका शब्दावर मी आयुष्यभर धंदा केला. त्यात होकारही असतो, नकारही असतो, आणि कशालाच बांधून घ्यावं लागत नाही.

मंच म्हणजे 'कानोसा'. यंत्रांचे आवाज ऐकून दुखणं सांगणाऱ्यांचा इंटरनेटवरचा अड्डा. कोणाची मोटर गुरगुरते, कोणाचा पंखा टकटकतो. माणूस तो आवाज मोबाइलवर टिपतो, इथे चढवतो आणि विचारतो, हा आवाज कसला? मग जगाच्या पाठीवर कुठेतरी बसलेला एखादा मेकॅनिक सांगतो, बुश गेलाय, पट्टा सैल आहे, किंवा बाबा रे, आता भंगारवाल्याला बोलाव. मी तिथला जुना सभासद. ज्यांनी मंच काढला आणि चालवला त्यांना आम्ही कुलूपकाका म्हणायचो, कारण कुठलीही चर्चा वर्षाची झाली की ते तिला कुलूप लावायचे. मग तिथे कोणाला नवा प्रतिसाद लिहिता यायचा नाही. काका गेले. काकूंनी घर विकायला काढलं, ते मी घेतलं, आणि मागच्या खोलीतल्या फळीवर घरघरणारा सर्व्हर घराबरोबर आला.

घर छान आहे. पुढची खोली, स्वयंपाकघर, मागची खोली आणि फरसबंदी अंगण. मागच्या खोलीत टेबल आणि एक दणकट लाकडी खुर्ची. खुर्चीशेजारच्या भिंतीत लोखंडी कडी आहे आणि कडीत यंत्राच्या जुन्या पट्ट्याचा तुकडा अडकवलेला, कडा झिजून गुळगुळीत झालेल्या. कुत्रं होतं का, मी विचारलं. काकू म्हणाल्या, कुत्रं आम्ही कधी पाळलं नाही, आणि किल्ल्या मोजायला लागल्या. किल्ल्या दोनच होत्या.

त्यांचं सांगणं एवढंच की बंद चर्चा बंद राहू द्या. मी म्हणालो, बघू.

माझं शिक्षण सातवी आणि दोन कान. मिसरूड फुटायच्या आधी मोटरींना तार गुंडाळायला बसलो आणि तीन दुकानं करून उठलो. आमची ही असताना म्हणायची, यांचे कान मांजराचे, पण ऐकत कोणाचंच नाहीत. खरं आहे. बापाचं ऐकलं असतं तर कारकून झालो असतो. मालकाचं ऐकलं असतं तर अजून त्याच्याच दुकानात असतो. मी आजवर कोणाचं ऐकलं नाही आणि माझं काही वाकडं झालं नाही. हे नव्या वहीच्या पहिल्या पानावर ठळक लिहून ठेवतो.

तारीख ५, बुधवार

सर्व्हरच्या पंख्याचं बेअरिंग रडत होतं. स्क्रूड्रायव्हरचं टोक यंत्राला लावलं, मूठ कानाच्या हाडाला टेकवली. आमचा डॉक्टरी नळा हाच. पंखा बदलला. आता फळीवर मांजर झोपल्यासारखा आवाज आहे.

अंगणात जमिनीखाली पाण्याची टाकी आहे. लोखंडी झाकण आणि त्याच्या कडेने सिमेंट थापलेलं. पंपवाल्याच्या घरात टाकी बंद म्हणजे न्हाव्याच्या घरात आरसा नाही. छिन्नी-हातोडा घेऊन सिमेंट फोडलं. आत कोरडी ठणठणीत, झाडून ठेवल्यासारखी. झाकण परत बसवलं. आमच्या धंद्यातला पहिला धडा, झाकण उघडल्याशिवाय निदान नाही.

कानोशावरची एक रीत मला फार आवडते. उत्तर माहीत असो नसो, जो आवाज लावून बसतो तो आधी एक शब्द लिहितो, ऐकतोय. बाई असेल तर ऐकतेय. निदान मागाहून. विचारणारा बिचारा बंद पडलेल्या यंत्रापुढे बसलेला असतो. कोणीतरी कान दिलाय, एवढं कळलं तरी त्याला धीर येतो.

तारीख ७, शुक्रवार

आज कुलुपं काढली. सगळी.

मंचाच्या दर्शनी पानावर काकांची पाटी होती, वर्ष झालं, चर्चा बंद, गाडलेली मढी उकरू नयेत. मला ही पाटी पहिल्यापासून डोळ्यांत खुपायची. ज्याचा पंप आज बिघडला त्याचं दुखणं आजचंच. तो शोधत शोधत येतो, त्याला आपलाच आवाज आणि आपलाच प्रश्न सापडतो, नऊ वर्षांपूर्वी कोणीतरी विचारलेला. खाली उत्तर अर्धवट, आणि त्याखाली कुलपाचं चित्र. लांबून चालत यावं आणि दुकानाचं शटर खाली बघावं, तसं. यंत्रं म्हातारी होतात, त्यांच्या तक्रारी होत नाहीत.

मंचावर आधी विचारलं, रीत म्हणून. चक्की या नावाने लिहिणारा एक पीठगिरणीचा मेकॅनिक आहे, जुना आणि खमक्या. तो म्हणाला, मालक, ज्याने मशीन कधीच भंगारात घातलं त्याला तुम्ही आज बेअरिंगचा नंबर सांगणार, तो काय त्याचा ताईत करून घालणार का? शिवाय जुन्या चर्चेत येणारा नवा माणूस वरचं काही वाचत नाही, थेट शेवटी उडी मारतो आणि आपलं घोडं दामटतो. माझी लेकही त्याच्याच बाजूची. लेकीला दुकानात सगळे पक्कड म्हणतात, एकदा धरलं की सोडत नाही. कान माझेच घेऊन आली आहे. तिने फोनवर सुनावलं की बाबा, मतं मागवता आणि कानामागे टाकता, मग मागवता कशाला? मी म्हणालो, लोकांना बोलायला बरं वाटतं.

चक्कीच्या म्हणण्यात तथ्य नाही असं नाही. पण एक जण न वाचता लिहितो म्हणून हजारांची तोंडं बंद करायची? एक बटण दाबलं आणि सगळी कुलुपं गळून पडली.

तासाभरात फळ मिळालं. एका शिवणकामवाल्या बाईने नऊ वर्षांपूर्वी मशीनचा आवाज टाकला होता. आज कोणीतरी लिहिलं, शटलखाली दोऱ्याचा तुकडा असेल, चिमट्याने काढा. बाईंचं उत्तर आलं, मशीन अजून कोपऱ्यात चादरीखाली आहे, दोरा निघाला, आत्ताच उशीचा अभ्रा शिवला. नऊ वर्षं एका दोऱ्याने आणि एका कुलपाने अडवून ठेवली होती. काकांची पाटी उतरवली आणि माझी लावली, इथे एकही कुलूप नाही, बोला.

तारीख ९, रविवार

अबोला सोडून पक्कड आली. पडदे लावून दिले, माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवली, मग मागच्या खोलीत बसून जुन्या चर्चा चाळायला लागली. तिला एक सापडली. प्रतिसाद ढीगभर, पण निदान नाही. मथळा 'झाकणाखालचा आवाज', विचारणाऱ्याचं टोपणनाव तळमजला. शेवटचा प्रतिसाद खुद्द कुलूपकाकांचा, सात वर्षांपूर्वीचा. 'ऐकतोय. चर्चा बंद.' बस, एवढाच. दार लावून घ्यायचं आणि वर सांगायचं की मी ऐकतोय. तऱ्हेवाईक माणूस.

आवाज लावला. एक जड ठोका. मग ओलं काहीतरी फरशीवरून ओढत नेल्यासारखं. मग थांबणं. बेअरिंग नाही, पट्टा नाही, पाइपातली हवा नाही. ते थांबणंही रिकामं नव्हतं. समोरच्याने विचारून झालंय आणि आता तो आपल्या तोंडाकडे बघतोय, तसं होतं. पक्कड म्हणाली, बाबा, हे मशीन नाही, बंद करा. मी तिला चिडवलं की दुकानाची मालकीण झालीस आणि कान हलका झाला. ती म्हणाली, आधी वरचं सगळं वाचू तरी. मी म्हणालो, दुसऱ्यांची निदानं वाचून आपलं निदान करायचं म्हणजे दुसऱ्याच्या चष्म्याने पेपर वाचायचा. तेवढ्यात तिला दुकानातून फोन आला आणि ती बाहेरच्या खोलीत गेली.

मी रीतीप्रमाणे लिहिलं, ऐकतोय.

तारीख ११, मंगळवार

दुपारी जेवून आडवा झालो होतो. अंगणातून ठोका, मग ओढणं, मग थांबणं. रेकॉर्डिंग चालू राहिलं असेल म्हणून उठलो, तर कॉम्प्युटर बंद.

टाकीतून येत होता. स्क्रूड्रायव्हर झाकणाला टेकवून ऐकलं. मुठीतून कानात शिरला तेव्हा कळलं, रेकॉर्डिंगमध्ये जे थांबणं होतं त्याहून हे थोडं कमी. समोरच्याला आता घाई आहे.

झाकण उघडून बघितलं. कोरडी. परत लावलं. आवाज झाकणाखालीच.

भीती वाटली असं म्हणणार नाही. पन्नास वर्षांत पहिल्यांदा एका आवाजाने मला चकवलं, राग आला.

तारीख १२, बुधवार

फ्रिज बंद पडला असं वाटलं. हात लावला तर थरथरतोय, आत गार आहे. चालू आहे, मला ऐकू येत नाही. वरचा पंखा फिरतोय, तोही मुका. फळीवरचं मांजरही गेलं. मळ असेल म्हणून कानात तेल घातलं.

दुपारचा आवाज मात्र लख्ख. तेलाच्या आतून.

तारीख १४, शुक्रवार

पक्कड दारात उभी राहून घंटा वाजवत होती म्हणे, शेवटी खिडकीतून हात हलवला तेव्हा दिसली. डॉक्टरकडे चला म्हणाली. बघू म्हणालो. तिचं बोलणं भिंतीपलीकडून आल्यासारखं येत होतं. ती पुढे टाकीत पाणी भरू का, असं काहीतरी बोलत होती, आणि मी तिच्या तोंडाकडे बघत तिकडचं ऐकत होतो.

ती गेल्यावरचं लिहितो. मी खुर्चीतून उठलो नाही. म्हणजे उठल्याचं आठवत नाही. भानावर आलो तेव्हा अंगणात होतो, झाकणापाशी वाकलेला, हातात पहार. ओढणं थांबलं होतं. वाट बघणं चालू होतं.

माझ्या मायबोलीने एकाच शब्दात दोन गोष्टी कोंबून ठेवल्या आहेत. आवाज ऐकायचा तोही 'ऐकणं' आणि सांगितलेलं मुकाट करायचं तेही 'ऐकणं'. पहिलं मला जन्मभर जमलं, दुसरं कधीच नाही. पहार उचलून भिंतीपलीकडच्या ओढ्यात फेकावी म्हटलं, पण चांगली आहे. स्वयंपाकघरात ठेवली.

तारीख १५, शनिवार

सगळं परत आलं. सकाळी फ्रिजच्या आवाजाने जाग आली. त्याचा कॉम्प्रेसर जरा खोकतो, तोसुद्धा ऐकून जीव निवला. पंखा, नळ, रस्त्यावरच्या स्कूटरचा सैल मडगार्ड, सगळी पोरं घरी आली. दुपारी अंगणात चिमणीसुद्धा ऐकली. टाकी गप्प.

मंच उघडला. माझ्या 'ऐकतोय'मुळे ती चर्चा यादीत सगळ्यात वर आली होती, आणि तिथे काल रात्री चक्कीने लिहिलं होतं, ऐकतोय. त्याच्याशी हुज्जत घालायला मजा येईल.

तारीख १७, सोमवार

चक्कीने लिहिलं, गिरणीच्या जात्याखालच्या खड्ड्यावर लोखंडी झाकण आहे, त्याखालून हाच आवाज येतोय, आणि चमत्कार असा की गिरणी चालू असून मला तिचा आवाज नाही. गिऱ्हाईक ओरडतं तेव्हा तोंड हललेलं दिसतं. झाकण उघडून बघतो.

मला राहवलं नाही. खमक्या माणूस असा घाबरलेला बघून हुरूप आला म्हणा. लिहिलं, ऐकतोय, चक्कीशेठ, पाण्याचा ठोका असेल, शेजारची लाइन तपासा, उगाच झाकणं उघडू नका.

दुपारी टाकीतून ठोका आला. फ्रिज गेला. पंखा गेला. संध्याकाळी चक्कीचा संदेश, मालक, जादू केलीत, आवाज मिटला, गिरणी पुन्हा ओरडायला लागली.

वायर एका खांबावरून काढून दुसऱ्याला जोडली की करंट कुठे जाणार, हे मला कोणी शिकवायला नको. शेवटचा 'ऐकतोय' ज्याचा, आवाज त्याच्या घरी.

तारीख १८, मंगळवार

जे पहिल्या दिवशी करायला हवं होतं ते आज केलं. चर्चा पहिल्यापासून वाचली.

तळमजला याचं शेवटचं वाक्य आहे, झाकण उघडून बघतो. त्यापुढे तो कधीच बोललेला नाही. मग काही महिने शांतता. मग वाटेने जाणारा कोणी लिहितो, ऐकतोय. चार दिवसांनी तो लिहितो, कोणीतरी उत्तर द्या, काहीही लिहा, नुसतं ऐकतोय लिहा. कोणी लिहिलं तर हा सुटतो आणि तो अडकतो. कोणी नाही लिहिलं तर शेवटी तेच वाक्य, झाकण उघडून बघतो. मग शांतता. मेकॅनिक माणसं. दुसरं काय लिहिणार? झाकण मीही उघडलं होतं, पण माझ्या मर्जीने, त्याने सांगितलं म्हणून नाही.

असं पानामागून पान. शेवटी कुलूपकाका.

काकूंना फोन केला. त्यांचं बोलणं बारीक झालंय, रिसीव्हर हाडावर दाबून धरला. म्हणाल्या, अंदाज होताच तुमचा फोन येणार. काकांना सात वर्षं दुसरं काही ऐकू आलं नाही. दुपार झाली की उठायचे. त्या पट्ट्याने त्यांचा पाय कडीला बांधायच्या आणि समोर बसून मटार सोलायच्या. सिमेंट त्यांनीच कालवलं होतं. मी विचारलं, मग एवढ्या सगळ्या चर्चांना कुलूप कशाला, एकीलाच लावायचं. म्हणाल्या, एकच दार बंद दिसलं असतं तर तुमच्यासारख्या प्रत्येकाने तेच ठोठावलं असतं. म्हणून त्यांनी आख्खी आळीच बंद केली.

मग म्हणाल्या, मी त्यांच्या पाया पडले होते, दुसऱ्या कोणाला तरी लिहू द्या आणि मोकळे व्हा. ते म्हणाले, कोणाला? नाव सांग. तर मला नाव सुचेना.

तारीख १९, बुधवार

चर्चा पुसून टाकली. पान गेलं, आवाज राहिला. वर एक वाईट झालं, पान नाही म्हणजे आवाज कोणाचा हेच ठरेना, तर तो टाकी सोडून हिंडायला लागला. डब्याचं झाकण, पेटीचं झाकण, पेनाचं टोपण. बॅकअपमधून पान परत आणलं. निमूट टाकीत जाऊन बसला. कायद्याने चालतो म्हणायचा.

सर्व्हरच फोडून टाकू शकतो. पण त्यात हजारो लोकांची हजारो उत्तरं आहेत, चादरीखालची शिलाई मशीनं आहेत. एका चोरासाठी गाव जाळणार नाही. तुझ्यासाठी तर नाहीच.

हो, तुझ्याशी बोलतोय. माझ्या अंगणात बसून मला हुकूम सोडणारा तू कोण? मालक लोकांनी सोडले, बापाने सोडले. बघू म्हणालो त्यांना. तुलाही तेच.

दुपारी दोनदा झाकणापाशी सापडलो. दुसऱ्यांदा नखं तुटलेली होती.

तारीख २०, गुरुवार

पक्कडचा आवाज गेला. फोनवर नुसती शांतता, आणि तिच्या शांततेत ते ओढणं. आता ती संदेश लिहिते.

तिने चर्चा वाचली आहे, पहिल्यापासून. माझ्यासारखी नाही ती. तिला सगळं कळलंय. लिहिते, बाबा, पाळी लावू. एक दिवस मी, एक दिवस चक्कीकाका, एक दिवस तुम्ही. कोणालाच दुसरी दुपार सोसावी लागणार नाही. चक्की तयार आहे म्हणे. उद्या दुकान बंद केलं की पहिला 'ऐकतेय' माझा.

हुशार. माझीच.

पाळी कधीच चुकत नाही असा कारखाना मी पाहिलेला नाही. कोणी आजारी पडतो, कोणाचं नेट जातं, कोणी म्हणतो उद्या लिहितो. आणि दुकानाच्या मधोमध ग्रीसच्या खड्ड्यावर लोखंडी झाकण आहे. मीच बसवलं.

नको लिहूस म्हणून कळवलं. उत्तर आलं, बघू.

तारीख २१, शुक्रवार, सकाळ

काकांचं 'नाव सांग' आठवतंय. मला तर न विचारताच नाव मिळालंय, आणि ते चालणार नाही.

दुपारच्या आत उरकायचं. ती दुकान बंद करेल त्याआधी. पट्टा पायाला बांधला, कडीत घातला, बोल्ट आवळला. पान्हा दाराबाहेर फेकला. पहार स्वयंपाकघरात आहे. की-बोर्डला हात पोचतो, या वहीला पोचतो. अंगणापर्यंत पोचत नाही.

तारीख २१, दुपार

आला. ठोका. आज थांबणं जवळजवळ नाही.

हात कुलपाच्या बटणाकडे नेतो, हात पट्ट्याकडे जातो. पुन्हा नेतो. तो सांगतो तिकडे— नाही. माझे हात आहेत. मी कमावलेत.

लावलं. चर्चा बंद. शेवटचा 'ऐकतोय' माझा. त्याखाली कोणी काही लिहू शकणार नाही, पक्कडसुद्धा. मंचाचा पासवर्ड डोळे मिटून बदलला, बोटांना वाटेल ते दाबलं. मलाच माहीत नाही. टाकीतल्या, तूही शोधू नको.

बाकीच्या सगळ्या उघड्या. काका, इथे तुमचंही ऐकलं नाही. दर्शनी पानावर लिहिलंय, एक चर्चा बंद आहे, का ते विचारू नका, विचारलंत तरी मला ऐकू येणार नाही. लोक त्या दाराशी येतील, ठोठावतील. ठोठावू देत. किल्लीच नाही.

शिलाईवाल्या बाईंनी दुसरा आवाज टाकलाय. बॉबिन सैल असेल. कोणीतरी सांगेल.

तारीख २१, संध्याकाळ

पक्कडचे संदेश. कुलूप काढा. बाबा, कुलूप काढा. मी निघालेय.

काढता येत नाही, बाळ. एवढ्यापुरतं तरी जिंकलो.

दार वाजत असेल. दिसत नाही इथून. तिने मागून यावं— नाही, मागून नको, अंगणातून नको—

थांबणं संपलं. आता नुसतं ओढणं. टाकीतून नाही, जमिनीखालून, खुर्चीच्या—

पट्टा सैल. बोल्ट हाताने सुटत नसतो. माझी बोटं लाल आहेत. मी सोडला नाही. म्हणजे, हात माझेच, पण—

उठलो नाही. बसूनच लिहितोय. वही फार लांब वाटते. फरशी गार लागतेय पायाला, अंगणातली—

पहिल्या पानावर एक ओळ ठळक लिहिली आहे, कोणाचं न ऐकल्याची. ती खोडायला हवी. चुकीची आहे. मी ऐकतो—